बिनपगारी संपावर गेले!

“उकर, उकर! अजून खाली!” चारू ओरडली.

“उकरतोच आहे! मी काय घूस आहे, एका दमात बीळ करायला?” बंडू धापा टाकत म्हणाला. त्याच्या नाकाच्या शेंड्यापर्यंत काळी माती लागली होती.

नदीकाठच्या बाभळीखाली चौघंजण गुडघे टेकून बसली होती. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी इथं पाच वस्तू पुरल्या होत्या आणि रोज वर पाणी शिंपडलं होतं. आज निकालाचा दिवस!

“केळ्याची साल?” चारूनं वहीत बघून विचारलं.

“गायब!”

“पळसाची पत्रावळ?”

“एक काडी उरली आहे!”

“लुगड्याची चिंधी?”

“अर्धी खाल्ली मातीनं. आणि हा दंतमंजनाचा डबा... जसाच्या तसा! बांगडीचा तुकडाही तसाच!”

“डबा आणि बांगडी मातीथुंक, बाकी सगळं मातीगिळ!” चारूनं पेन्सिलीनं टिपून ठेवलं.

ही वही म्हणजे ‘हिंगणवाडीचा नवा शब्दकोश’. बासष्ट सालच्या मे महिन्यात अमरावतीच्या वकिलांची ही दोन मुलं, बारा वर्षांची चारुशीला आणि दहा वर्षांचा बंडू, मामाकडे सुट्टीला आली होती. अंजनगाव सुर्जीच्या खाली, शहानूर नदीकाठी हिंगणवाडी हे छोटंसं गाव. मामा वामनराव तिथल्या शाळेचे हेडमास्तर. पहिल्याच दिवशी बंडूनं पाणी उडवत अर्धी बादली सांडली, तेव्हा मामा म्हणाले होते, “अरे, उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा थेंब वाया घालवणाऱ्याला काय म्हणायचं, त्याला शब्दच नाही!”

“मग आपण करू!” चारू म्हणाली होती. त्याच क्षणी बंडूचं नाव ‘सांडोबा’ पडलं आणि शब्दकोश सुरू झाला.

मामांची अकरा वर्षांची विमल बोलायची कमी आणि बघायची जास्त. तिनं ‘सातजन्मी’ हा शब्द दिला. आईच्या लुगड्याचा आधी परकर होतो, मग गोधडी, मग बाळाचं दुपटं, मग पिशवी, मग पोतेरं आणि शेवटी रॉकेलच्या दिव्याची वात! चौथा गडी शेजारचा सूर्यभान. वय तेरा, अख्खी नदी पायाखालची. त्याचा शब्द सगळ्यांत झकास होता, ‘बिनपगारी’. गांडूळ, बेडूक, मधमाशी, खंड्या पक्षी, हे सगळे शेतकऱ्याचे बिनपगारी नोकर!

आत्ताही तोच ताठ उभा राहून डोहाकडे बघत होता. मे महिन्यात नदी आटून जायची, पण गावाखालच्या या डोहात कमरेइतकं पाणी असायचं.

“अबे, आज बेडकं काहून उड्या मारून नाही राहिले?”

सगळ्यांनी कान टवकारले. रोज काठावर पाऊल पडलं, की डुबुक, डुबुक, डुबुक असे पंधरावीस बेडूक पाण्यात उडी घ्यायचे. आज एकही नाही!

“बिनपगारी संपावर गेले!” बंडू हसला.

पण डोहाजवळ जाताच त्याचं हसू मावळलं. काठाशी लहान लहान मासे पांढरं पोट वर करून तरंगत होते. दगडापाशी बेडूक पाय ताणून पडले होते. विमल वाकून बराच वेळ पाण्यात बघत राहिली.

“डासांच्या अळ्यासुद्धा नाहीत,” ती हळूच म्हणाली. “काल इथं कितीतरी वळवळत होत्या.”

“उन्हानं मेलं असेल सगळं,” बंडू म्हणाला.

“ऊन का आजच पडलं?” सूर्यभान म्हणाला. “पान्याले हात लावू नोका कोनी!”

तो काठाकाठानं पुढं गेला आणि वाळूत रुतलेली एक गोल वस्तू त्यानं काठीनं वर काढली. जेवणाच्या ताटाएवढं लोखंडी झाकण! चारूनं बाभळीच्या डहाळीनं त्यावरची वाळू झाडली. खाली लाल रंगात एक कवटी होती, आणि कवटीखाली दोन आडवी हाडं.

चौघंही एक पाऊल मागं सरकली.

“बाबांच्या मित्राच्या शेतात पाहिलं आहे मी हे,” चारू म्हणाली. “कपाशीवर फवारायचं विषारी औषध यायचं त्या पिंपावर. कोणीतरी इथं पिंप धुतलंय!”

“पन दुपारी गावची गुरं याच डोहावर येतात!” सूर्यभान दचकून म्हणाला. “आमची कपिला बी येते!”

मग काय विचारता! समोर बाभळी तोडून रचलेल्या काट्यांचा ढीग होता. चौघांनी त्या फांद्या ओढत आणल्या आणि डोहाभोवती रचायला सुरुवात केली. बंडूच्या हातात तीन काटे शिरले, चारूचा परकर फाटला. फांद्या रचून होतात न होतात, तोच गळ्यातल्या घंटा वाजवत कळप आला. सूर्यभाननं गाई वळणाऱ्या म्हाताऱ्या गायक्याला झाकणावरची कवटी दाखवली. म्हाताऱ्यानं एकदा झाकणाकडे, एकदा मेलेल्या माशांकडे पाहिलं आणि कळप वरच्या झिऱ्याकडे वळवला.

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात झिरपून येणारं गोड पाणी सगळं गाव प्यायचं. तो डोहाच्या बराच वर होता, एवढंच नशीब!

“वरचं पाणी चांगलं, पण खालच्या गावांचं काय?” विमल म्हणाली. “वाळूतून पाणी पुढं जातच असेल ना? चूक इथं आणि दुखणं तिथं.”

“दूरदुखी!” चारूनं लगेच शब्द केला. पण वहीत लिहायला या वेळी कोणी थांबलं नाही.

“हे चाकोरे पाहा!” सूर्यभाननं ओल्या वाळूकडे बोट दाखवलं. बैलगाडीच्या चाकांच्या दोन रेघा डोहापासून निघून काठावर चढल्या होत्या. मधूनमधून निळ्या रंगाचे थेंब सांडले होते. मुलं माग काढत निघाली. निंबाच्या बनातून, शाळेच्या कुंपणावरून, मारुतीच्या पारापुढून...

सूर्यभानची चाल हळूहळू मंदावली. शेवटी तो थांबलाच.

चाकोरे त्याच्याच घराच्या फाटकातून आत गेले होते.

घरासमोर मोठा मांडव पडला होता. उद्या दुपारी सूर्यभानची थोरली बहीण सत्यवती हिचं लग्न होतं. परतवाड्याजवळच्या छोट्या तिवशाहून वऱ्हाड यायचं होतं. मांडवामागं निंबाच्या सावलीत चार कोरी निळी पिंपं उभी होती, आणि गडीमाणसं झिऱ्याचं पाणी आणून त्यात ओतत होती. त्यांच्यावर देखरेख करत उभे होते सूर्यभानचे काका देवराव, सगळ्या लग्नाचे कारभारी!

“या, या! पोट्ट्याहो, पाहा कसा बंदोबस्त केला!” देवराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. “परतवाड्याच्या बाजारात भंगारात पडले होते हे पिंप. लोक फेकून देतात, देवराव कामात आनतो! तुमच्या त्या वहीत मायं नाव लिहा.”

“काका, यात आधी काय होतं?” सूर्यभाननं विचारलं. डोहावरून आणलेलं झाकण त्यानं पाठीमागं धरलं होतं.

“काही का असेना! राखेनं तीनदा घासून, डोहावर धुऊन आनले. तिथंच वरून रंग मारला. कवटीचं चित्र होतं, थे खरवडून टाकलं, पावन्याईले उगा भेव वाटाले नोको म्हनून.”

“चित्र खरवडलं म्हणून विष जातं का?” बंडू न राहवून ओरडला. “डोहातले सगळे मासे मेलेत!”

“उन्हानं मेले असतील! लग्नाच्या घरी अशुभ बोलून राहिला का बे? चला, पळा इथून! मोठ्याच्या कामात नाक नोका खुपसू!”

मुलं निंबाआड सरली. मामा वामनराव सकाळीच कामासाठी अंजनगावला गेले होते, ते संध्याकाळच्या मोटारीनं यायचे होते. आणि तिकडं आचारी डाळ भिजवायला मोठं पातेलं घेऊन पिंपाकडेच निघाला होता!

“त्यानं एकदा पाणी काढलं, की संपलं,” चारू पुटपुटली. “पिंपं लवंडून टाकू या का?”

“नको,” विमल म्हणाली. “उतार परसातल्या भाजीकडे आहे. तिथून विहिरीकडे.”

“मग पानी पिंपातच ऱ्हायलं पायजे, पन कोनी घेतलं नाही पायजे,” सूर्यभान म्हणाला.

विष डोळ्यांना दिसत नव्हतं, हीच अडचण होती. दिसणारी घाण असती तर? चारूची नजर गोठ्याकडे गेली. तिथं ताज्या शेणाचा ढीग होता. तिनं बंडूकडे पाहिलं. बंडूनं शेणाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एक स्वर्गीय हसू पसरलं!

“फक्त तीन पिंपांत हं!” विमलनं बजावलं. “एक तसंच ठेव. पुरावा लागेल.”

आचाऱ्यानं पातेलं टेकवलं, बादली उचलली, आणि धप्प! त्याच्या डोळ्यांदेखत शेणाचा गोळा पहिल्या पिंपात पडला. धप्प! दुसऱ्यात. धप्पाक! तिसऱ्यात! चौथ्या पिंपापुढं चारू हात पसरून उभी राहिली.

“अरे देवा! शेण टाकलं कारट्यानं! धरा त्याला!”

सगळा मांडव धावून आला. देवरावांनी बंडूचा कान असा पिळला, की तो टाचा उचलून उभा राहिला. बायका कामं टाकून बाहेर आल्या. सूर्यभानची आजी मैनाबाई काठी टेकत पुढं आली.

“काहून केलं रे पोरा असं?” तिनं बंडूला विचारलं.

“आजी, पाण्यात विष आहे!” बंडू कळवळत म्हणाला. “शेण दिसतं, विष दिसत नाही, म्हणून टाकलं!”

सूर्यभाननं पाठीमागं लपवलेलं झाकण पुढं केलं आणि चौथ्या पिंपाच्या तोंडावर ठेवून दाबलं. खट्! ते असं घट्ट बसलं, जणू त्याच पिंपासाठी घडवलं होतं. सगळ्यांसमोर लाल कवटी दात विचकत होती.

मांडवात कुजबुज सुरू झाली. देवरावांचा चेहरा तांबडालाल झाला. चार गावांत त्यांच्या हुशारीचा बोलबाला, आणि आज पोरं त्यांना भर मांडवात खोटं पाडत होती!

“झाकन असेल त्याचंच! पन म्या धुतलं ना? तुमाले भरवसा नाही? मी सोता पिऊन दाखवतो!”

त्यांनी झाकण भिरकावलं, चौथ्या पिंपात लोटा बुडवला आणि तोंडाला लावायला उचलला.

“काका, नोका!”

सूर्यभाननं झेप घेतली. त्याचा हात लोट्यावर बसला आणि लोटा खणखणत जाऊन निंबाच्या बुंध्यावर आदळला.

पुतण्यानं काकाच्या हातातला लोटा उडवावा! देवरावांनी मारायला हात उगारला. सूर्यभान हलला नाही. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“मारा मले. पन हे पानी पिऊ नोका. म्या डोहावर पाहून आलो, काका.”

देवरावांचा हात हवेतच राहिला.

तेवढ्यात मैनाबाईची काठी जमिनीवर आपटली. “देवराव, हात खाली! पोराईले काय दाखवाचं आहे थे दाखवू दे. पाहाले काय जाते?”

विमल पुढं आली. एवढ्या लोकांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होती. “दोन वाडगे द्या. एकात झिऱ्याचं पाणी, एकात या पिंपातलं.”

गोठ्याच्या हौदात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. विमलनं त्या फडक्यात गाळून घेतल्या आणि दोन्ही वाडग्यांत सोडल्या. सगळ्यांनी गोल कोंडाळं केलं. सत्यवतीही हळद लागलेल्या अंगानं दारात येऊन उभी राहिली.

झिऱ्याच्या वाडग्यात अळ्या तुरूतुरू वरखाली करत होत्या. पिंपाच्या वाडग्यातही करत होत्या. पाच मिनिटं गेली. कोणीतरी फिस्सकन हसलं. चारूनं वाडग्यावर डोळे रोखले. आपण चुकलो तर?

“थांबा,” विमल म्हणाली.

मग पिंपाच्या वाडग्यातली एक अळी वेडीवाकडी गिरकी घेऊन थांबली. दुसरी तळाशी बसली. तिसरी, चौथी... पाव तासात तिथं एकही हालचाल उरली नाही. शेजारच्या वाडग्यात मात्र सगळ्या मजेत नाचत होत्या.

देवराव ओट्यावर बसले.

“मी... मी उद्या सगळ्या गावाले हे पाजलं असतं,” ते पुटपुटले. “लहान लहान लेकरं असती पंगतीत. म्या तं वाचवाले गेलो होतो. चांगली वस्तू वाया जाऊन राहिली, म्हनून आनली.”

बंडू अजून कान चोळत होता, पण त्याला एकदम काकांची दया आली. “काका, आम्हीही वस्तू परत वापरायचेच शब्द करतो. आम्हालाही वाटलं होतं, परत वापरलेलं सगळं चांगलंच असतं.”

“नाही, पोरा. ज्याच्यात इख होतं त्याच्यात पानी नाही भरत. ही बचत मानसाले फसवते.” देवरावांनी डोळे पुसले. “लिहा तुमच्या वहीत. फसबचत. हा शब्द माया.”

मैनाबाईनं मग सूत्रं हातात घेतली. “बसून काय होते? उद्या पावने येतील! ज्याच्या घरी रांजन असेल त्यानं रांजन आना, घागर असेल त्यानं घागर!”

बघता बघता गावातून रांजणांची रांग लागली. कोणाचा काळा, कोणाचा तांबडा, कोणाचा काठ फुटका. झिऱ्यापासून मांडवापर्यंत बाया, बाप्ये, पोरं साखळी करून उभी राहिली आणि दिवस मावळायच्या आत सगळे रांजण भरले. विशेष म्हणजे बंडूनं एकही थेंब सांडला नाही!

संध्याकाळी वामनराव आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पिंपं झाकून, दोर बांधून शाळेच्या मोकळ्या खोलीत ठेवायला लावली. “शेती खात्याच्या माणसाला उद्याच पत्र टाकतो. त्याला विचारल्याशिवाय यातलं पाणी जमिनीवरही ओतायचं नाही.” देवराव तर दिवेलागणीआधीच सायकलवर टांग मारून नदीखालच्या दोन गावांना सावध करायला गेले होते. जाताना कोणी म्हणालं, “गड्याला पाठवा ना.” ते म्हणाले, “चूक गड्याची नाही.”

दुसऱ्या दिवशी लग्न झोकात लागलं. पंगत बसली. वांग्याची भाजी, वरण, पोळी आणि वर बुंदी! तिवशाचे व्याही गुलाबराव पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, “वा! पानी कसं गार लागून राहिलं! आन् एवढे रांजन? सारं गाव गोळा केलं काय तुमी?”

यजमान नुसते हसले असते तरी चाललं असतं. पण देवराव पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“व्याहीबुवा, गाव गोळा झालं थे माया चुकीनं.” आणि त्यांनी पिंपं, डोह, लोटा, वाडगे, सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. सूर्यभानचे वडील मान खाली घालून बसले होते. नवऱ्याकडची माणसं आता काय म्हणतील?

गुलाबरावांच्या हातातला बुंदीचा घास ताटात पडला.

“परतवाड्याच्या बाजारातला भंगारवाला?” त्यांनी विचारलं. “पुलापाशी बसते, थो?”

“हाव. काहून?”

“दोन पिंपं म्या बी आनले त्याच्यापासून! उद्याच्या आमच्या घरच्या जेवनासाठी. आज संध्याकाळी मठ्ठा भरून ठेवाले सांगतलं घरी!” गुलाबराव ताटावरून उठलेच. “अरे, जीप काढा! जेवन मागून! तिवशाले जा, पिंपाले कोनी हात लावू नोका म्हना!”

जीप धुरळा उडवत गेली. पुढचे चार तास मांडवात कोणाला काही सुचलं नाही. मुलीची पाठवणी थांबली. चारू, बंडू, विमल आणि सूर्यभान फाटकावर बसून रस्त्याकडे डोळे लावून होती.

उन्हं कलल्यावर जीप दिसली. पुढं बसलेला गुलाबरावांचा पुतण्या लांबूनच हात हलवत होता. “भरले नव्हते! ताक घुसळनं चालूच होतं! भंगारवाल्यानं मारलेला रंग खरवडून पाहिला, तं खाली कवटी!”

मांडवभर एकच श्वास सुटला. गुलाबराव तरातरा फाटकाशी आले. त्यांनी डोक्यावरचा गुलाबी फेटा काढला आणि बंडूच्या डोक्यावर ठेवला. तो त्याच्या नाकापर्यंत उतरला!

“पोराहो, आमी मोठे लोक अनुभवाच्या गोष्टी सांगतो. पन बेडकं गप्प झाले, हे तुमी ऐकलं. आमाले ऐकू नाही आलं.” मग ते देवरावांकडे वळले. “आन् देवराव, तुमी भर पंगतीत बोलले नसते, तं पोराईची हुशारी आमच्या घरापर्यंत पोचलीच नसती. अशा घरची सून भेटली, आमचं भाग्य!”

वामनरावांनी चौघांच्या पाठीवर हात ठेवला. “शाळा उघडली, की ही वही पहिल्यांदा मी वर्गात वाचणार आहे.”

“मामा, त्यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत,” चारू घाईघाईनं म्हणाली.

“त्या बंडूच्या!” विमल म्हणाली, आणि सगळे हसले.

पाठवणीची गाडी सजली. सत्यवती सगळ्यांच्या पाया पडली, आजीच्या, आईवडिलांच्या. देवरावांच्या पाया पडताना तिला हुंदका फुटला आणि काकांनीही लहान मुलासारखं तोंड फिरवलं. मग ती गाडीपाशी उभ्या असलेल्या सूर्यभानजवळ आली. कालपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. लग्नघरात आपण तमाशा केला, म्हणून ताई रागावली असेल, असंच त्याला वाटत होतं.

तिनं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“तुया या हातानं थो लोटा पाडला,” ती म्हणाली, “म्हनून आज मी काकाच्या पाया पडून निघून राहिली, सूर्या.”

सूर्यभाननं मान वळवली. डोळे पुसायला त्याला दुसरा हात लागला.

“जाय आता,” तो म्हणाला. “लोक खोळंबले.”